दाखल्यांची बेरीज आणि आमच्या रक्ताचा हिशेब

सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडला की अलीकडे वऱ्हाडातील वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. अमक्या महाविद्यालयाचे तमके प्राध्यापक जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत! मग चौकात फ्लेक्स लागतो, संस्थाचालकांच्या हस्ते शाल-श्रीफळ होते. अमरावती काय नि अकोला काय, चित्र सारखेच. यादीत एखादे नाव आपल्या समाजातले निघाले तर आपल्यालाही जयंतीइतका आनंद होतो. आनंद व्हावाच. ज्यांच्या बापजाद्यांना शाळेच्या दाराबाहेर उभे केले गेले, त्यांच्या लेकराचे नाव जगाच्या यादीत येणे ही लहान गोष्ट नाही.

पण मी पडलो वकील. कागद पुढे आला की तो कोणी केला, कशाच्या आधारे केला आणि त्यातून कोणाचा हक्क शाबीत होतो, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून या यादीचा, आणि तिच्या मागे असलेल्या 'किती शोधनिबंध, किती सायटेशन' या मोजमापाचा कागद आज उलटून पाहायचा आहे. विशेषतः वैद्यकीय संशोधनाच्या बाबतीत. कारण तेथे निबंधाचे नाव संशोधकाचे असते आणि रक्त बहुतेक वेळा आपले असते.

आधी यादीविषयी. ही यादी म्हणजे कोणत्याही विद्यापीठाने दिलेला पुरस्कार नव्हे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन इओआनिडिस आणि त्यांचे सहकारी २०१९ पासून ती तयार करतात. 'एल्सेव्हिअर' या बड्या प्रकाशन कंपनीच्या 'स्कोपस' नावाच्या साठ्यातील आकडे घेऊन ती काढली जाते. तुमच्या निबंधाचा दाखला इतरांनी किती निबंधांत दिला, हा तिचा मुख्य पाया. म्हणजे कोणी परीक्षक बसला, त्याने निबंध वाचला आणि गुण दिले, असे येथे घडत नाही. यंत्र मोजते, आणि यंत्राने मोजलेले आपण फ्लेक्सवर छापतो.

दुसरे मोजमाप 'एच-इंडेक्स'. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये ते सुचवले. हिशेब सोपा आहे. ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा दाखले मिळाले, त्याचा एच-इंडेक्स दहा. आता समजा, एका डॉक्टरने आयुष्यात एकच निबंध लिहिला, त्याने हजारो बालके वाचली आणि त्या निबंधाला हजार दाखले मिळाले. त्याचा एच-इंडेक्स किती? एक! दुसऱ्याने एकाच विषयाचे वीस तुकडे करून वीस निबंध छापले आणि मित्रमंडळींनी एकमेकांचे दाखले दिले, तर तो त्याच्या कितीतरी पुढे. मोजमापातच खोट आहे, हे जगभरच्या शास्त्रज्ञांनाही कळले. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे एकत्र जमून, जर्नलच्या आकड्यावरून माणसाची किंमत ठरवू नका, असा जाहीरनामाच त्यांनी तयार केला. तरी नोकरी, बढती आणि निधी आजही बऱ्याच ठिकाणी याच आकड्यांवर हलतो.

दाखला ही मुळात वकिलांची चीज

बहुतेक डॉक्टरांना ठाऊक नसलेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. सायटेशन मोजण्याची ही पद्धत विज्ञानाने आमच्या वकिली धंद्यातून उचलली आहे. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसाने १८७३ मध्ये एक सूची सुरू केली. कोणत्या निवाड्याचा दाखला पुढे कोणत्या निवाड्यात आला, याची ती सूची. युजीन गारफिल्ड यांनी तीच कल्पना घेऊन १९६४ मध्ये विज्ञानासाठी 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाजारात आणला. आजच्या सगळ्या याद्या त्याच झाडाच्या फांद्या.

पण उचलताना एक फार महत्त्वाची गोष्ट मागे राहिली. शेपर्डच्या सूचीत दाखल्यापुढे खूण असे. हा निवाडा पुढच्या न्यायालयाने मानला, की फिरवला, की त्यातील वस्तुस्थिती वेगळी म्हणून बाजूला ठेवला. आपल्या नागपुरातून निघणारे एआयआर ज्याने चाळले आहे, त्याला हे समजावून सांगायला नको. कोर्टात उभे राहून एखाद्याने फिरवलेला निवाडा चुकूनही दाखवला, तर न्यायमूर्ती जागच्या जागी कान उपटतात. निवाडा पाचशे वेळा उद्धृत झाला आहे, हा तेथे बचाव होत नाही. तो फिरला आहे का, आणि माझ्या पक्षकाराच्या प्रकरणाला लागू पडतो का, हे दोनच प्रश्न.

विज्ञानाच्या मोजणीत या खुणेला जागा नाही. वाखाणणारा दाखला एक, खोडून काढणाराही एक. १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नामांकित जर्नलमध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांचा अवघ्या बारा मुलांवरचा निबंध आला. गोवराच्या एमएमआर लसीचा संबंध त्यात मुलांच्या स्वमग्नतेशी जोडला गेला. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने तो मागे घेतला. पण दाखले? ते आधीही मिळत होते आणि नंतरही मिळत राहिले. नुसती बेरीज केली तर तो निबंध आजही 'प्रभावी' ठरतो. त्या प्रभावाने कित्येक घरांतील लेकरे लसीवाचून राहिली, हे बेरजेत कोठेच दिसत नाही.

ओडिशाचा निवाडा, विदर्भाला शिक्षा

हे सगळे इंग्लंड-अमेरिकेचे झाले. आता आपल्या दाराशी येऊ. सिकलसेल!

विदर्भातील बौद्ध वस्त्यांना आणि आदिवासी पाड्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि अंगात अशा कळा उठतात की धट्टाकट्टा माणूस गडबडा लोळतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ग्रस्त निघण्याची शक्यता चारात एक. यात कोणाचा दोष नाही, कोणते पाप नाही, पूर्वजन्माचे कर्म तर मुळीच नाही. ज्या भागात हिवतापाने माणसे मरत होती, तेथे हा गुण अंगात असणारे वाहक हिवतापापासून काहीसे वाचले आणि म्हणून तो टिकून राहिला, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्येच दाखवून दिले.

मध्य भारतातील सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये १९५८ साली झाली. शुक्ला आणि सोळंकी या दोन संशोधकांच्या नावे तो निबंध आहे. म्हणजे धम्मदीक्षेनंतर अवघ्या दोनच वर्षांत आमच्या भागाच्या रक्ताची बातमी लंडनला पोचली होती. ती गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचायला किती दशके लागली, ते ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना विचारा.

पुढे १९८६ मध्ये त्याच 'लॅन्सेट'मध्ये ओडिशातील रुग्णांवरचा एक निबंध आला. ओडिशातील डॉक्टर आणि जमैकात काम करणारे ग्रॅहम सर्जंट यांनी दोन्हीकडच्या रुग्णांची तुलना केली होती. ओडिशाच्या रुग्णांत, बाळ पोटात असताना असते त्या प्रकारचे हिमोग्लोबिन जास्त प्रमाणात टिकून राहते आणि त्यामुळे आजार काही बाबतींत सौम्य दिसतो, असे त्यातून पुढे आले. निबंध प्रामाणिक होता. ज्या रुग्णांना पाहिले त्यांच्याविषयी तो बोलत होता. त्याचे दाखले भरपूर दिले गेले, आणि दाखल्यावर दाखला चढत 'ओडिशात सौम्य' याचे 'भारतात सौम्य' असे होऊन बसले. पाठ्यपुस्तकांत आणि व्याख्यानांत हेच वाक्य फिरू लागले.

आता नागपूर काय सांगत होते ते पाहा. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉर्डात पाहिलेल्या मुलांची माहिती २०१२ मध्ये मांडली. त्याच गटाने मुंबईच्या संशोधकांसोबत, जन्मतःच तपासलेल्या बाळांचा पाठपुरावा करून २०१६ मध्ये आणखी एक निबंध दिला. वारंवार उठणाऱ्या कळा, पुन्हा पुन्हा होणारा जंतुसंसर्ग, रक्त चढवण्याची पाळी. विदर्भातल्या अनेक मुलांचा आजार सौम्य नव्हता, चांगला तीव्र होता. आणि नागपूरला येणाऱ्या रुग्णांत अनुसूचित जातींतील मुले मोठ्या संख्येने होती.

वकिलाच्या भाषेत सांगायचे तर ओडिशाचा निवाडा विदर्भाला लागू नव्हता. वस्तुस्थिती वेगळी होती. पण ज्या मोजणीत लागू-नालागू ही खूणच नाही, तेथे ज्याचे दाखले जास्त त्याचे खरे. 'लॅन्सेट'चे नाव मोठे, नागपूरचा वॉर्ड लहान. आजार सौम्यच असतो असे ठरले की मग रात्री दोन वाजता कळांनी ओरडणाऱ्या पोराला 'नाटक करतो' म्हणणे सोपे जाते. आमच्या किती आयांनी दवाखान्याच्या ओट्यावर हे ऐकून घेतले असेल! दाखल्यांच्या गैरवापराचा हा हिशेब कोणत्याच इंडेक्समध्ये नाही.

याच नागपूरच्या गटाने २०१२ मध्ये आणखी एक काम छापले. हायड्रॉक्सियुरिया हे जुने, सिकलसेलच्या कळा कमी करणारे औषध. ते कमी आणि ठरावीक मात्रेत, वजनाच्या किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, दिले तरी तीव्र आजार असलेल्या मुलांना चांगला उपयोग होतो, हे त्यांनी दाखवले. मात्रा कमी म्हणजे खर्च कमी आणि धोकाही कमी. गरिबाच्या दृष्टीने यासारखे मोलाचे संशोधन कोणते? पण हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीत, नियमित रक्त तपासत, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. म्हणजे ते तालुक्याच्या दवाखान्यात महिनोनमहिने न चुकता मिळाले पाहिजे. निबंधाला किती दाखले मिळाले यापेक्षा अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर, बार्शीटाकळी येथील औषधाच्या खिडकीवर ही कॅप्सूल आहे का, हे त्या निबंधाचे खरे मोजमाप होय.

रक्त कोणाचे, नाव कोणाचे?

सिकलसेलवरचा जगातला पहिला निबंध १९१० चा. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांच्या नावावर तो आहे. रुग्ण होता वॉल्टर क्लेमेंट नोएल, वेस्ट इंडिजमधील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला काळा विद्यार्थी. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे रक्त पाहून वाकड्या पेशी प्रथम टिपल्या त्या अर्नेस्ट आयर्न्स या कनिष्ठ डॉक्टरने. निबंधावर नाव एकट्या हेरिक यांचे. नोएल तर निबंधात निनावी. शिकून तो ग्रेनाडाला परत गेला, दंतवैद्य झाला आणि १९१६ मध्ये तरुणपणीच वारला. पेशी पाहणारा एक, रक्त देणारा दुसरा आणि कीर्ती तिसऱ्याची. आमच्याकडची गोष्ट यापेक्षा फार निराळी नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे मूर्तिजापूर तालुक्यातील एक एकोणीस वर्षांचा मुलगा आला होता. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा होता. सोबत आई. रोजमजुरी करणारी, अंगठा न लावता सही करणारी. कागद मागितले तर तिने पिशवी उलटी केली. त्यात रक्त तपासल्याचा एकही कागद नव्हता. मी विचारले, 'बाई, याचं रक्त कधी तपासलंच नाही का?' ती म्हणाली, 'तीनदा नेलं साहेब. एकदा शाळेतून, एकदा विहारात शिबिर झालं तेव्हा, एकदा त्या कॉलेजची पोरं आली होती तेव्हा. आम्हाले काही देल्लं नाही.'

तीनदा रक्त गेले आणि एकदाही निकाल घरी आला नाही. त्या तीन वेळांपैकी एखादी वेळ कोणाच्या तरी प्रबंधात, कोणाच्या तरी निबंधात आकडा होऊन बसली असेल. त्या आकड्यावर कोणाला तरी बढतीही मिळाली असेल. मिळो. आमचे म्हणणे एवढेच, की आईच्या पिशवीत एक चिठ्ठी तरी ठेवायची होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वे समाजाला विश्वासात घ्यावे, संशोधनाचे निष्कर्ष त्याच्यापर्यंत न्यावेत आणि लाभात त्याला वाटा असावा, असे सांगतात. ही तत्त्वे आम्ही मागितलेली भीक नाही. संशोधन करणाऱ्यावरची ती जबाबदारी आहे.

कायद्याची बाजूही येथे सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने सिकलसेलला प्रथमच दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले. हे आपोआप घडले नाही. नागपूरच्या सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाचे संस्थापक संपत रामटेके यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे रुग्णांसाठी उंबरे झिजवले. रामटेके डॉक्टर नव्हते, एच-इंडेक्सच्या यादीत त्यांना शोधू नका. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मात्र लढाई अर्धीच जिंकली आहे. याच कायद्याच्या कलम ३२ खाली उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखीव आहेत आणि ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या सिकलसेलग्रस्ताला त्यात जागा आहे. पण नोकरीतील चार टक्क्यांच्या कलम ३४ मध्ये रक्ताच्या आजारांचा उल्लेखच नाही. म्हणजे शिका, पण नोकरी मागू नका! विदर्भातील रुग्णांचा आजार किती तीव्र असतो, हे सांगणारे निबंध येथे उपयोगी पडले पाहिजेत. संसदेच्या समितीपुढे, न्यायालयापुढे ते पुरावा म्हणून ठेवले, तर तो दाखला सार्थकी लागेल.

दाखला घरापर्यंत आला तर

संशोधन वाईट आणि संशोधक सगळे स्वार्थी, असा अर्थ कृपा करून काढू नका. तसे म्हणणे बाबासाहेबांच्या अनुयायाला शोभणारही नाही. निबंध घरापर्यंत आला तर काय घडते, याचीही उदाहरणे विदर्भातच आहेत.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. ३९ गावांत हा प्रयोग झाला. बालमृत्यूचा दर ताडून पाहण्यासाठी दुसरी गावे होती. नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये १९९९ साली आला. त्याचे दाखले जगभर दिले गेले. पण त्याचे मोठेपण दाखल्यांत नाही. २०११ पासून देशभरातील आशा ताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन आणि ताप पाहू लागल्या, त्यामागे हे काम आहे. त्या आधी बंगांनी रोजगार हमीच्या मजुरीचा हिशेब तपासणारा अभ्यास केला होता. मजुराला किती उष्मांक लागतात, त्यासाठी किती पैसे लागतात, याचा तो शास्त्रीय हिशेब. ४ रुपयांची मजुरी पुढे १२ रुपये झाली, त्यात या अभ्यासाचा वाटा मानला जातो. रोहयोच्या कामावर खडी फोडणारी भूमिहीन माणसे कोण होती, हे या वाचकांना सांगायला नको. त्या अभ्यासाला वैद्यकीय जर्नलांत किती दाखले, हा प्रश्न त्यांच्या लेखी शून्य किमतीचा होता.

आमच्या अमरावती जिल्ह्यातील मेळघाट पाहा. धारणीजवळ उतावलीला डॉ. आशीष आणि डॉ. कविता सातव यांची 'महान' ही संस्था गेल्या शतकाच्या अखेरीपासून काम करते. घरोघरी जाऊन बाळांची काळजी घेण्याने मृत्यू घटतात, हे दाखवणारा त्यांचा निबंध 'बीएमजे ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२२ साली आला. प्रयोग मात्र त्याच्या बराच आधीचा, या शतकाच्या पहिल्या दशकातला. वाचलेली कोरकू पोरे निबंध येईस्तोवर शाळेतून बाहेर पडली असतील! मेळघाटच्या कुपोषणाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात १९९३ पासून गाजते आहे. डॉ. राजेंद्र बर्मा यांची २००७ ची आणि नंतर बंडू साने यांची जनहित याचिका वर्षानुवर्षे चालली. तेथे सरकारी आकड्यापुढे दुसरा तपासलेला आकडा ठेवता येणे किती महत्त्वाचे असते, हे वकिलालाच कळेल. गावात मोजलेला मृत्यू हा तेथे पुरावा होतो.

पण मेळघाटानेच दुसरी बाजूही दाखवली. श्वसनमार्गाच्या 'आरएसव्ही' नावाच्या विषाणूने लहान बाळे किती दगावतात, याचा अभ्यास अमेरिकेतील संशोधकांच्या सहकार्याने आणि गेट्स फाउंडेशनच्या पैशाने मेळघाटात झाला. दवाखान्यात न पोचता घरीच दगावलेल्या बाळांचीही त्यात नोंद झाली. ही माहिती जगाला हवी होती, कारण या विषाणूविरुद्ध लस तयार होत होती. २०२३ मध्ये अमेरिकेत गरोदर स्त्रियांसाठी तशी लस मंजूर झाली. मृत्यू मेळघाटचे, निबंध जगाचा आणि लसीचा पहिला मान अमेरिकेतल्या आईचा. यात संशोधकांचा गुन्हा नाही. पण दाखला कोणाकडून निघतो आणि लाभ कोणापाशी थांबतो, हे विचारायचा हक्क कोरकू आईला आहे.

बाबासाहेबांच्या कामाला हीच फूटपट्टी लावून पाहा. 'कास्ट्स इन इंडिया' हा त्यांचा निबंध १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचला गेला आणि १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. जातीतच लग्न करण्याची बंधने हाच जातीचा प्राण आहे, हे त्यात त्यांनी सिद्ध केले. त्याच बंदिस्त लग्नांमुळे सिकलसेलचा गुणही त्या-त्या समाजात कोंडून राहिला, हे आजचे जनुकशास्त्र सांगते! 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' तर कोणत्या जर्नलने छापलेच नाही. भाषण रद्द झाले तेव्हा १९३६ मध्ये बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. आजच्या एखाद्या समितीने त्याला शून्य गुण दिले असते.

निबंधांचा बाजार आणि आपली मुले

आता थोडे आपल्या घरातले. वैद्यकीय महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक व्हायचे तर शोधनिबंध दाखवावे लागतात. पूर्वी भारतीय वैद्यक परिषदेचे नियम होते, आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे आहेत. पहिल्या काही नावांतच तुमचे नाव हवे. उद्देश चांगला. परिणाम काय झाला? पैसे भरा आणि छापा, अशी दुकाने देशभर उघडली. बोगस निबंध मागे घेण्याची पाळी इतक्यांदा आली की २०२५ मध्ये शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय मानांकनात त्यासाठी गुण वजा करण्याचे जाहीर करावे लागले.

या बाजारात मार कोणाला बसतो? ज्याचा मामा विभागप्रमुख नाही, त्याला. राखीव जागेवरून एमडी झालेली आपली मुलगी वॉर्डात राबते, नमुने गोळा करते, आकडे भरते आणि निबंधावर तिचे नाव पाचवे येते. नियम पहिल्या नावांचा! मग पाच वर्षांनी तीच व्यवस्था म्हणते, 'तुमच्याकडे गुणवत्ता नाही, एच-इंडेक्स पाहा.' आधी नाव मागे ढकलायचे आणि मग नाव पुढे नाही म्हणून हिणवायचे, हा खेळ आपण द्रोणाचार्यापासून ओळखतो.

म्हणून आपल्या तरुण डॉक्टरांना हात जोडून सांगणे आहे. संशोधनाकडे पाठ फिरवू नका. अकोल्याला २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीलाही २०२४ मध्ये सुरू झाले. वऱ्हाडातील सिकलसेल, बाळंतिणींचा रक्तक्षय, कापसाच्या शेतात फवारणीने होणारी विषबाधा, हे विषय तुमच्या अंगणातले आहेत. तुम्ही लिहिले नाही तर दुसरे कोणी येऊन तुमच्या आजीचे रक्त नेईल आणि आजार सौम्य आहे असे लिहून टाकील. निबंधाचे काम सुरू होण्याआधी नावांचा क्रम लेखी ठरवून घ्या. मी वकील म्हणून सांगतो, तोंडी आश्वासन पुराव्याने सिद्ध करणे फार अवघड जाते.

आणि समाजाने काय करायचे? चार गोष्टी. पहिली, यापुढे विहारात रक्ततपासणीचे शिबिर घेणाऱ्याला विहार समितीने लेखी विचारावे की निकाल किती दिवसांत, कोणाच्या हाती आणि कोणत्या भाषेत देणार. उत्तर नसेल तर शिबिराला नम्रपणे नकार द्यावा. दुसरी, माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात गेल्या वर्षी हायड्रॉक्सियुरिया किती आले, किती वाटले आणि किती दिवस संपलेले होते, ते मागावे. २००५ च्या या कायद्याने दहा रुपयांत मिळणारे हे संशोधन आहे. तिसरी, १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशनचा रोख आदिवासी भागांतील शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांच्या तपासणीवर आहे. आदिवासी बांधवांचा तो हक्कच आहे, त्यात वाटा मागायचा नाही. पण आजार अनुसूची वाचून शरीरात शिरत नाही. बौद्ध वस्त्यांतील प्रत्येक तरुण-तरुणीची त्याच तोडीची तपासणी आणि उपचार झाले पाहिजेत, ही मागणी जिल्हाधिकाऱ्यांपासून दिल्लीपर्यंत लावून धरली पाहिजे. चौथी, कलम ३४ मध्ये रक्ताच्या आजारांचा समावेश व्हावा म्हणून विदर्भातील खासदारांना धारेवर धरले पाहिजे. आणि ही मागणी करताना नागपूरचे निबंध सोबत जोडले पाहिजेत.

पुढच्या वर्षी पुन्हा यादी येईल, फ्लेक्स लागतील. अमरावतीच्या इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरून जाताना तो फ्लेक्स दिसला तर जरूर अभिनंदन करा. सत्काराला बोलावले तर जा, हारही घाला. फक्त हार घालताना एक प्रश्न विचारा, 'सर, तुमच्या निबंधात ज्यांचे रक्त आहे त्यांना तुम्ही काय कळवले?' त्यांच्यापाशी उत्तर असेल तर तो माणूस दोन टक्क्यांत नसला तरी आपला आहे. नसेल, तर मूर्तिजापूरच्या त्या आईची रिकामी पिशवी त्यांच्यापुढे ठेवा.

त्या मुलाचे रक्त चौथ्यांदा तपासले गेले. या वेळी निकालाचा कागद मी स्वतः मागून घेतला आणि त्याची एक प्रत आईच्या पिशवीत ठेवली. अर्ज अजून चालू आहे.

जयभीम!